विनोबांची टकळी

वर्धा शहराला लागून नालवाडी नावाचे एक लहानसे गाव होते. १९३२ सालच्या डिसेंबर महिन्यात सदतीस वर्षांचे एक कृश गृहस्थ तेथे राहावयास आले. संस्कृताचा त्यांचा व्यासंग मोठा होता. भगवद्गीतेचे मराठी समश्लोकी रूपांतर त्यांनी ‘गीताई’ या नावाने पूर्ण केले होते, आणि त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली होती. एवढा मोठा पंडित आता ग्रंथ उघडून बसेल आणि शिष्यांना पाठ देईल, असे कोणालाही वाटले असते. पण नालवाडीत त्यांच्या हाती दिवसाचे कित्येक तास असे ती टकळी. सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यावरच आपला निर्वाह चालवावयाचा, असा त्यांनी निश्चय केला होता. हे गृहस्थ म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. त्या जिल्ह्याला आता रायगड म्हणतात. त्यांचे पाळण्यातले नाव विनायक. घरात सर्व जण त्यांना विन्या म्हणत. वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे होते. कोणतीही गोष्ट मोजूनमापून, हिशेबाने करावी, असा त्यांचा बाणा होता. आई रुक्मिणीबाई अत्यंत भाविक होत्या. पुढे हे कुटुंब बडोद्यास राहावयास गेले.

आईने एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज थोडे थोडे दाणे एकेक करून मोजावयाचे आणि देवाला वाहावयाचे, असा तिचा क्रम सुरू झाला. वडिलांनी ते पाहिले आणि एक सोपा उपाय सुचविला. एक तोळा तांदूळ घेऊन त्यातील दाणे मोजावे. त्यावरून लक्ष दाण्यांना किती तोळे लागतील ते काढावे. कमी पडू नयेत म्हणून वर अर्धा तोळा घालावा, म्हणजे काम क्षणात होईल. आईला यावर काय बोलावे ते सुचेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. विन्या गणितात हुशार. वडिलांचा हिशेब बरोबर आहे हे त्याला कळत होते. तरीही त्याने आईची बाजू घेतली. हे काम नुसते मोजणीचे नाही. प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाकडे वळते, म्हणून एकेक दाणा मोजणेच योग्य, असे त्याने आईला सांगितले. आईचे समाधान झाले.

वडिलांचे गणित आणि आईचे एकाग्र मन या दोन्ही गोष्टी विनोबांच्या ठायी पुढे जन्मभर एकत्र नांदल्या. त्या दोहोंची गाठ कोठे पडली असेल, तर ती टकळीच्या धाग्यावर.

बडोद्यास शिकत असतानाच विनोबांचे मन पदव्यांवरून उडाले. आपली प्रमाणपत्रे त्यांनी एके दिवशी आईदेखत चुलीत टाकली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला निघाले. परंतु वाटेत सुरतेस गाडी बदलून त्यांनी काशीचा रस्ता धरला. काशीहून ते ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींकडे आले. पुढे संस्कृताच्या अध्ययनासाठी त्यांनी एक वर्षाची रजा घेतली आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी ते शिकले. वर्ष पुरे होताच ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. वचनाच्या बाबतीतला हा काटेकोरपणा पाहून आश्रमवासीयांना मोठे नवल वाटले. शेठ जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी त्यांना वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले आणि हाच जिल्हा त्यांची कर्मभूमी झाला.

वर्धा जिल्हा हा काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा मुलूख. येथल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव एके काळी इंग्लंडच्या बाजारातही घेतले जात असे. परंतु शेतात पिकलेला कापूस गाड्या भरभरून बाहेर जाई आणि त्याचेच कापड महाग होऊन परत येई. खेड्यातील बायाबापड्यांच्या हाताला मात्र वर्षातील बराच काळ काम नसे. घरच्या कापसाचे घरीच सूत निघाले, तर त्या रिकाम्या हातांना चार पैसे मिळतील, हा खादीमागील विचार होता. मात्र चार पैसे म्हणजे किती, आणि त्यांत कातणाऱ्याचे पोट भरते काय, हा खरा प्रश्न होता. दुसऱ्याला कातण्याचा उपदेश करण्यापूर्वी विनोबांनी हा प्रश्न स्वतःच्या पोटाला विचारण्याचे ठरविले.

टकळी हे फार साधे साधन आहे. वीतभर लांबीची एक सरळ काडी, तिच्या खालच्या भागात बसविलेली एक गोल चकती आणि वरच्या टोकाला एक बारीक आकडी, एवढाच तिचा संसार. एका हाताच्या बोटांनी टकळीला गिरकी द्यावयाची आणि दुसऱ्या हातातील पेळूमधून धागा ओढावयाचा. पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची मऊ वळी. टकळी फिरते तसा धाग्याला पीळ बसतो. धागा हातभर झाला की तो काडीवर गुंडाळावयाचा आणि पुन्हा गिरकी द्यावयाची. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. पण टकळी प्रथमच हाती घेणाऱ्याला तिचा हट्टी स्वभाव लगेच कळून येतो.

नवा कातणारा बहुधा घाई करतो. जास्त सूत निघावे म्हणून तो पेळू भराभर ओढतो. धाग्यात पीळ शिरण्याच्या आतच तंतू एकमेकांपासून सुटतात. धागा बारीक होतो आणि तुटतो. टकळी खाली आपटते. मग ती उचला, टोक शोधा, पुन्हा जोडा. घाईने जे क्षण वाचविले, त्यांच्या कितीतरी पट क्षण जोडण्यात जातात. उलट, दुसरा कोणी भीतीने फारच हळू ओढू लागला, तर धाग्याला नको तितका पीळ बसतो, त्याला गुंजळ्या पडतात आणि तोही धागा निरुपयोगी होतो. पिळाची आणखी एक खोड आहे. धागा जेथे बारीक असेल तेथे पीळ आधी धावतो आणि जाड जागा सैल राहते. म्हणून कातणाऱ्याच्या बोटांना जाड जागा ती तयार होत असतानाच जाणवावी लागते आणि पीळ घट्ट होण्यापूर्वीच ती ओढून सारखी करावी लागते. ही जाणीव बोटांना येते, पण त्यासाठी थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ न दिला तर धागा गाठाळ होतो.

वेग आणि अचूकपणा यांचे हे भांडण टकळीपुरतेच नाही. मनुष्याच्या हाताच्या प्रत्येक कामात ते आहे. सुईत दोरा ओवणाऱ्याला, अक्षर काढणाऱ्याला, तबला वाजविणाऱ्याला आणि गोटीने नेम धरणाऱ्याला ते सारखेच भेटते. १८९९ साली रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. ठोक्याच्या तालावर लोकांना ठराविक लांबीच्या रेघा काढावयास लावून त्याने त्यांच्या चुका मोजल्या. ताल वाढला तशा चुका वाढल्या. मात्र डोळे मिटून रेघा काढल्या, तेव्हा सावकाश काढण्याचा फारसा फायदा दिसला नाही. यावरून असे ध्यानात आले की, सावकाश हालचालीत डोळा चूक पाहतो आणि हात ती वाटेतच सुधारतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की सुधारण्यास अवकाशच उरत नाही. मग डोळे उघडे असून नसल्यासारखे होतात.

पुढे १९५४ साली पॉल फिट्स या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा संबंध गणिताच्या सूत्रात बसविला. धातूच्या दोन पट्ट्यांना आळीपाळीने लेखणीसारख्या काडीने स्पर्श करावयाचा, असा त्याचा प्रयोग होता. पट्ट्या जितक्या अरुंद आणि एकमेकींपासून जितक्या दूर, तितका प्रत्येक हालचालीला वेळ अधिक लागे. पट्टीची रुंदी निम्मी केली किंवा अंतर दुप्पट केले, की वेळात सारखीच भर पडे. अचूकपणा हवा असेल तर वेळेची किंमत द्यावीच लागते, आणि ती किंमत किती, हेही त्याने मोजून दाखविले.

नालवाडीत अशी मोजणीची उपकरणे नव्हती. तेथे मोजण्यासाठी घड्याळ होते आणि सूत होते. हातकताईचा हिशेब मुळातच काटेकोर असे. ४ फूट लांबीचा एक फेरा म्हणजे एक तार, आणि ६४० तारांची एक गुंडी. सुताचा बारीकपणा अंकाने सांगत. एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा अंक. २० अंकाचे एक पौंड सूत सरळ पसरले, तर त्याचा धागा १५ किलोमीटरांहून लांब जाईल. वर्ध्याहून पवनारला पोहोचून आणखी पुढे उरेल. एवढ्या लांबीत कोठेही दुबळी जागा राहू नये, ही कातणाऱ्याकडून अपेक्षा असे. म्हणून सूत किती निघाले एवढेच पाहत नसत. ते किती सारखे आहे आणि किती ताण सहन करते, हेही पाहत.

या अपेक्षेमागे सबळ कारण होते. कातणाऱ्याचे सूत पुढे विणकराच्या मागावर जाते. ताण्याचे शेकडो धागे मागावर घट्ट ताणलेले असतात आणि प्रत्येक फेऱ्याला त्यांना हिसका बसतो. कच्चा धागा तेथे तुटतो. विणकर हात थांबवतो, धागा जोडतो आणि पुन्हा चालू लागतो. दिवसात असे अनेकदा झाले की त्याची मजुरी बुडते आणि हातसुताला तो हात लावीनासा होतो. एका घरात घाईने वाचविलेला वेळ दुसऱ्या घरातील भाकरीतून वजा होत असे. विनोबांनी आश्रमात विणकामही केले होते. त्यामुळे विणकराचे हे दुःख त्यांना ठाऊक होते.

मग गती वाढवावयाची तरी कशी? धाग्याचा कस न सोडता टकळीची गती वाढविणे हा विनोबांच्या अभ्यासाचा विषय झाला. पेळू एकसारखा नसेल तर हात कितीही कुशल असला तरी धागा सारखा येत नाही. म्हणून कापूस निवडण्यापासून आणि पिंजण्यापासूनच काळजी घ्यावयास हवी. हाताची हालचाल जितकी लहान, तितकी ती कमी वेळात अचूक होते. म्हणून निष्कारण होणारी हालचाल गाळावयास हवी. पाठ वाकली की हात लवकर थकतो, आणि थकलेला हात चुका करतो. म्हणून बसण्याची रीतही पाहावयास हवी. एकाच हातावर सर्व भार पडू नये यासाठी विनोबांनी उजव्याप्रमाणे डाव्या हातानेही कातण्याचा अभ्यास केला. या सर्वांत घाईला कोठेच जागा नव्हती. धागा न तुटता चालत राहिला की गती आपोआप वाढते. तासाच्या शेवटी ज्याचा हात सर्वांत भराभर हलला त्याची गुंडी मोठी होत नाही. ज्याचा धागा सर्वांत कमी वेळा तुटला त्याची होते.

वेग आणि अचूकपणा यांचा नियम विनोबांनाही मोडता आला नाही. तो कोणालाच मोडता येत नाही. परंतु अभ्यासाने मनुष्य त्या नियमाच्या आतच पुढे सरकू शकतो. काल ज्या अचूकपणाला एक तास लागला, त्यालाच सहा महिन्यांनी अर्धा तास पुरतो. कारण बोटांना चूक लवकर कळू लागते आणि ती लहान असतानाच दुरुस्त होते. यासाठी मन मात्र धाग्यावर हवे. आईने एकेक दाणा मोजताना जे मन ठेवले होते, तेच मन येथे हवे होते. आणि तारांचा व तासांचा हिशेब ठेवताना वडिलांचे गणितही हवे होते.

इतके करूनही नालवाडीच्या प्रयोगाचे उत्तर कठोर निघाले. दिवसभर मन लावून, कुशल हाताने कातले तरी त्या वेळच्या दराने मिळणारी मजुरी धड पोटालाही पुरत नव्हती. जी गोष्ट विनोबांसारख्या अभ्यासू कातणाऱ्याची, तीच घरकाम सांभाळून कातणाऱ्या गरीब बाईची; किंबहुना तिची अवस्था अधिकच बिकट. दोष तिच्या आळसाचा नव्हता, दराचा होता, हे अनुभवाने सिद्ध झाले. याच काळात गांधीजी वर्ध्यास राहावयास आले होते. कातणाऱ्याला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला आणि १९३५ साली अखिल भारतीय चरखा संघाने कताईचे दर वाढविण्याचे ठरविले. त्याबरोबरच सूत सारखे आणि मजबूत असावे, ही अटही कडक करण्यात आली. चांगल्या कामाला पुरता वेळ लागतो, आणि तो वेळ देणाऱ्याला पुरते मोल मिळावयास हवे, हे या दोन गोष्टींचे सार होते.

यंत्राच्या साहाय्याने हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्नही झाला. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. १२ ते २० अंकाचे सारखे व पिळदार सूत आठ तासांत १६,००० फूट निघाले पाहिजे, आणि चरखा खेड्यातील घरात चालविता व दुरुस्त करता आला पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. लांबीची अट आणि कसाची अट या दोन्ही एकदम घातलेल्या होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सर्व कसोट्यांना उतरणारा चरखा मात्र मिळाला नाही आणि ते बक्षीस कोणालाच देता आले नाही.

टकळीतून विनोबांना शिक्षणाचाही मार्ग दिसला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. तेथे गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली. तिचा तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचे विनोबा एक सभासद होते. ही योजना नयी तालीम किंवा वर्धा योजना म्हणून प्रसिद्ध झाली. टकळी स्वस्त होती, लहान मुलाच्या हातात मावत होती आणि झाडाखालीही चालत होती. तार मोजताना मुलाला गणित येई, कापसाबरोबर शेतीची माहिती होई, आणि तुटलेला धागा त्याला गुरुजींच्या आधीच त्याची चूक सांगे.

अति श्रमाने विनोबांची प्रकृती ढासळली. वजन फारच घटले. तेव्हा १९३८ साली धाम नदीच्या काठी पवनार येथे जमनालालजींच्या बंगल्यात ते राहावयास गेले. तेथेही त्यांनी आपली नेहमीचीच रीत ठेवली. पहिल्या दिवशी अवघी काही मिनिटे जमीन खणावयाची आणि रोज थोडी थोडी वेळ वाढवीत जावयाचे, असा त्यांनी क्रम ठेवला. शक्ती आली तसे काम वाढले, आणि काम वाढले तशी शक्ती आली. काही महिन्यांत शरीर पूर्ववत झाले.

१९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा पहिले सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांची निवड केली. १७ ऑक्टोबर रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहाचा आरंभ केला. देशातील पुष्कळांना तोवर विनोबांचे नावही माहीत नव्हते. म्हणून गांधीजींनी ‘हरिजन’ पत्रातून त्यांची ओळख करून दिली. तीत त्यांच्या विद्वत्तेचा आणि स्मरणशक्तीचा उल्लेख होताच; परंतु आपल्या वेळेचा सर्वांत मोठा भाग त्यांनी कातण्याला दिला, टकळीच्या कामात त्यांनी क्रांती घडवून आणली आणि निर्दोष सूत कातण्यात साऱ्या हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा बहुधा कोणी नसेल, असे गांधीजींनी आवर्जून लिहिले. सत्याग्रहाला निघालेल्या वीराची ओळख त्याच्या हातच्या धाग्यावरून करून दिली गेली, असे उदाहरण विरळाच.

पुढील कथा सर्वांना ठाऊक आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी विनोबांना पहिले भूदान मिळाले आणि तेथून त्यांची पदयात्रा सुरू झाली. मोटारी आणि आगगाड्या धावत असताना हा वृद्ध होत चाललेला मनुष्य पायी चालत गावामागून गावे घेत होता. तेरा वर्षांच्या त्या चालण्यात त्यांनी भारताचे बहुतेक सर्व प्रांत पाहिले आणि ४० लक्ष एकरांहून अधिक जमीन दान मिळविली. त्यांतील बरीच जमीन पुढे वाटली गेली नाही, काही लागवडीस निरुपयोगीही निघाली, हेही खरे आहे. दानाचा वेग जेथे वाटणीच्या काळजीपुढे गेला, तेथे धाग्याप्रमाणे हे कार्यही कच्चे राहिले.

यात्रा संपवून विनोबा धाम नदीच्या काठी परत आले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ हा किताब दिला.

विनोबांनी अनेक भाषा आत्मसात केल्या, ग्रंथ लिहिले, लक्षावधी लोकांशी ते बोलले. पण नालवाडीत टकळी घेऊन बसलेल्या विनोबांचे चित्र अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांपुढे ठेवावे. हात चालू आहे, तो थांबत नाही. तो धावतही नाही. बोटांखालून धागा जातो आहे आणि बोटे त्याची प्रत्येक जागा तपासून पुढे सोडीत आहेत. संध्याकाळ होते तेव्हा गुंडी भरलेली असते, आणि दूर कोठेतरी मागावर बसलेल्या विणकराचा हात त्या सुताने अडत नाही.